डेटाबेसात ‘ऑरेंज’ शोधलं की मोसंबी का सापडते

नागपूरकराला ऑरेंज म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. पण हाच शब्द जनुकांच्या एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसात टाकला, तर जे समोर येतं त्यात आपलं संत्रं हुडकून काढावं लागतं. गर्दी असते ती मोसंबीच्या गोतावळ्याची. इंग्रजीतलं स्वीट ऑरेंज म्हणजे सिट्रस सायनेन्सिस, आणि आपली मोसंबी त्याच जातीतली. नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं, सिट्रस रेटिक्युलाटा. याच शोधात फुलकोबीचं एक जनुकही हाती लागतं. फुलकोबीत ‘ऑर’ नावाचा एक बदल आहे. त्यामुळे गड्ड्यात बीटा-कॅरोटीन साठतं आणि पांढरा गड्डा केशरी होतो. हे जनुक २००६ मध्ये वेगळं काढलं गेलं. शिवाय ॲक्रिडीन ऑरेंज भेटतं, ते तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायचं रसायन.

संगणकाला अक्षरं जुळवायला सांगितली, त्याने जुळवली. त्याचं काही चुकलं नाही.

रोजच्या वापरात आपण असल्या गोंधळाकडे काणाडोळा करतो. हॉटेल शोधताना पहिल्या दहातलं एक बरं निघालं की झालं. पण नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या पीएचडीच्या मुलाला ‘एखादं बरंसं’ चालत नाही. फळातल्या बियांची संख्या ठरवणारी जी जी जनुकं आजवर नोंदली गेली, ती सगळी त्याला हवी असतात. एक सुटलं तर त्याची दोन वर्षं आधीच झालेलं काम पुन्हा करण्यात जातील. आणि भलत्याच पंचवीस नोंदी यादीत घुसल्या, तर त्यांवर बेतलेलं गणित सुरुवातीलाच बिघडेल.

यावर जीवशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे गुणधर्मांचे प्रमाण शब्दसंग्रह. त्यांना ऑन्टॉलॉजी म्हणतात. नाव तत्त्वज्ञानातून आलेलं आणि जडच आहे, पण आतला मामला हिशेबाच्या वहीइतका रोखठोक आहे.

क्रमांक, व्याख्या आणि बाकीचं

या संग्रहातली एक संज्ञा उघडली की पाच गोष्टी दिसतात: ओळख क्रमांक, मुख्य नाव, व्याख्या, पर्यायी नावं, आणि ही संज्ञा कोणत्या मोठ्या संज्ञेखाली येते ते. वनस्पतींच्या गुणधर्मांचा जो संग्रह आहे, प्लँट ट्रेट ऑन्टॉलॉजी, त्यात ‘झाडाची उंची’ या गुणधर्माचा क्रमांक टीओ:००००२०७ आहे. प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहितात: टी आणि ओ, मग दोन टिंबं, मग सात आकडे.

क्रमांकाचं महत्त्व आपल्याकडच्या वावरावरून कळतं. गावात एकाच वावराला कुणी ‘नाल्याकडलं’ म्हणतो, कुणी ‘बाभळीचं’, कुणी मालकाच्या नावाने ओळखतो. बाभूळ तोडली, मालक बदलला, की नावही जातं. खसरा नंबर मात्र तोच राहतो, आणि तलाठी तोच विचारतो. वाटणी झाली तर ४५ चे ४५/१ आणि ४५/२ होतात, पण मूळ कुठलं हे कागदावर राहतं. संज्ञांचंही तसंच चालतं. नाव सुधारलं तरी क्रमांक बदलत नाही. दोन संज्ञा एकच निघाल्या तर त्या एकत्र करतात, आणि सुटलेला क्रमांक पर्यायी क्रमांक म्हणून जपून ठेवतात. तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही.

नवीन माणसाची नजर नावावरच जाते, व्याख्या वाचायची राहते. खरं वजन व्याख्येचं असतं. ‘उंची’ म्हटली तर जमिनीपासून कुठपर्यंत? शेंड्यापर्यंत, की वरच्या पानाच्या टोकापर्यंत? गव्हात कुसळं धरायची की नाही? व्याख्या या प्रश्नांची उत्तरं देते, किंवा द्यायला हवीत.

पर्यायी नावं शोधाच्या वेळी कामी येतात. शोधपत्रांच्या तक्त्यांत जागा वाचवायला आद्याक्षरं घालतात. तिथे पी-एच म्हणजे प्लँट हाइट, आणि संत्र्याच्या रसाच्या तक्त्यात तेच पी-एच म्हणजे आम्लता मोजायचा सामू. बी-डब्ल्यू हे कापसात बोंडाचं वजन असतं, टोमॅटोत जिवाणूजन्य मर आणि शेळ्यांच्या तक्त्यात अंगाचं वजन. संग्रहात ही आद्याक्षरं त्या त्या संज्ञेखाली पर्याय म्हणून नोंदलेली असतील, तर शोधणाऱ्याला प्रणाली विचारू शकते: बाबा, यातलं कोणतं?

ही सगळी उठाठेव सुरू झाली ती वनस्पतींमुळे नव्हे. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांचे तीन डेटाबेस सांभाळणारी मंडळी एकत्र आली, आणि त्यातून जीन ऑन्टॉलॉजी उभी राहिली. २००० मध्ये तिचा शोधनिबंध आला. त्यांची अडचण ऐकण्यासारखी होती. ‘बड’ तयार होणं म्हणजे यीस्टमध्ये नवी पेशी फुटणं, झाडात कळी येणं, आणि उंदराच्या भ्रूणात दाताचा अंकुर धरणं. तिन्हीकडे शब्द एकच. सगळ्यांची माहिती एका जागी ठेवायची, तर आधी प्रत्येकाने आपलं ‘बड’ वेगळं लिहून दाखवणं भाग होतं. पुढे भात आणि इतर तृणधान्यांसाठी उभारलेल्या ग्रॅमीन या डेटाबेसातून वनस्पतींच्या गुणधर्मांचा संग्रह वाढला. आता तो प्लँटिओम या प्रकल्पात सांभाळला जातो, आणि त्याच्या जोडीला वनस्पतींच्या अवयवांचा वेगळा संग्रह आहे, प्लँट ऑन्टॉलॉजी. पीकपैदास करणाऱ्यांसाठी क्रॉप ऑन्टॉलॉजी आहे. तिच्यात ज्वारी, हरभरा, तूर, सोयाबीन अशी पीकवार दालनं आहेत. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तिथे आहे.

उतरंडीचा उपयोग

संज्ञा सुट्या ठेवलेल्या नसतात, त्यांची उतरंड असते. वर ‘वनस्पतीचा गुणधर्म’, त्याखाली बाह्यरचना, वाढ, जैवरसायन, उत्पादन, प्रत, ताण सहन करणं अशा मोठ्या शाखा, आणि त्यांखाली बारीक बारीक संज्ञा. एका संज्ञेला दोन आईबापही असू शकतात. दाण्याचं वजन हे उत्पादनाखालीही बसतं आणि बियांच्या गुणधर्मांखालीही.

यामुळे शोधाची रीतच बदलते. तुम्ही वरची संज्ञा निवडली की तिच्या खालच्या सगळ्या संज्ञांवरच्या नोंदी आपोआप येतात, मग त्या नोंदींत तुमचा शब्द कुठेही नसला तरी.

बिनबियांच्या संत्र्याचं उदाहरण घेऊ. नागपुरी संत्र्याची चव, सुटी साल, आंबट-गोडाचा मेळ, सगळं झकास. बिया तेवढ्या तोंडात येतात. परदेशी बाजारात बिया नसलेलं फळ मागतात, त्यामुळे कमी बियांची झाडं निवडायची खटपट जुनी आहे. आता कुणी डेटाबेसात ‘सीडलेस’ एवढंच टाकलं तर काय होईल? फळात बिया नसण्याची कारणं अनेक आहेत. फलन न होताच फळ धरतं, तो एक प्रकार. फलन होतं पण भ्रूण कोवळेपणीच मरतो, हा दुसरा. नाशिक-सांगलीकडचं थॉमसन सीडलेस द्राक्ष त्यातलं. झाडाचे परागच निकामी, हा तिसरा. जपानी सत्सुमा मँडरिनमध्ये हा आणि पहिला असे दोन्ही प्रकार एकत्र आहेत. चौथा, झाड स्वतःचे पराग स्वीकारत नाही. क्लेमेंटाइन मँडरिन असंच आहे. ते एकटं लावलं तर बिनबियांचं फळ देतं, आणि शेजारी दुसऱ्या जातीची बाग आली की त्याच झाडाच्या फळांत बिया भरतात. पाचवा, गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे बीजपेशी नीट तयारच होत नाहीत.

शोधपत्र लिहिणाऱ्याने यातलं जे पाहिलं त्याच नावाने नोंद केली. परागांवर काम करणाऱ्याच्या निबंधात ‘सीडलेस’ हा शब्द कदाचित एकदाही येणार नाही. म्हणून अक्षरं जुळवून शोधणाऱ्याला पहिला, दुसरा प्रकार मिळतो आणि तिसरा निसटतो. उतरंड पाहणाऱ्याला कळतं की आपल्याला दोन शाखा धुंडाळायच्या आहेत: एक फळातल्या बियांची संख्या, दुसरी नर वंध्यत्व. मग तो दोन्ही क्रमांक देतो. हे शहाणपण संगणक आपणहून देत नाही. झाड समजलेल्या माणसालाच ते सुचतं. पण उतरंड समोर उघडी असली की सुचायला सोपं जातं.

दुसरं उदाहरण कापसाचं, आणि मला ते जास्त आवडतं. कापसाचा धागा म्हणजे काय? सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमाराला ती बीजांडाच्या पृष्ठभागावरून डोकं वर काढते आणि लांबत लांबत इंचाच्या आसपास जाते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हा बियांवरचा केस, म्हणजे ट्रायकोम. अवयवांच्या संग्रहात ट्रायकोम नावाची संज्ञा आहे. तिच्याखाली पानांवरचे केसही येतात आणि बियांवरचेही. आता ॲराबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं लाडकं रोपटं घ्या. त्याच्या पानांवर केस असतात, आणि ते उगवण्यासाठी जी-एल-१ हे जनुक लागतं. ते बिघडलं की पानं गुळगुळीत. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी कापसाच्या धाग्यात काम करणारं एक जनुक अशा बिघडलेल्या रोपात घातलं, आणि पानांवर केस परत आले. इतकंच नव्हे, एरवी साफ असणाऱ्या बियांवरही एखादा केस उगवला.

म्हणजे धाग्यावर काम करणाऱ्याने ॲराबिडॉप्सिसच्या पानांवरच्या केसांचं वाङ्मय वाचायलाच हवं. पण ‘कॉटन फायबर’ हे शब्द घालून ते कधीच सापडणार नाही. त्या रोपट्याला ना कापूस, ना धागा. धागा हा ट्रायकोमचाच प्रकार, एवढं नातं संग्रहात लिहिलेलं असेल तर एक पायरी वर चढून पुन्हा खाली उतरलं की ती सगळी नोंद हाताला लागते.

एक सावधगिरी मात्र लागते. उतरंडीतली नाती एकाच जातीची नसतात. ‘अमुक हा तमुकचा प्रकार’ हे एक नातं, आणि ‘अमुक हा तमुकचा भाग’ हे दुसरं. बी हा फळाचा भाग आहे, प्रकार नव्हे. ‘भाग’ या नात्यावरूनही खाली उतरायची मुभा दिली, तर फळाबद्दल विचारल्यावर बियांच्या नोंदीही येतील. कधी ते हवं असतं, कधी नसतं. फळाचा रंग शोधणाऱ्याला बियांचा रंग नको असतो.

एकरी दहा क्विंटल म्हणजे किती?

आता क्रॉप ऑन्टॉलॉजीकडे येऊ. २००८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांच्या गटाने ती सुरू केली. तिथे एक साधा नियम आहे: नुसता गुणधर्म लिहायचा नाही. गुणधर्म, तो मोजायची पद्धत आणि माप या तिन्हींची जोडणी करायची, आणि त्या जोडणीलाच स्वतंत्र क्रमांक द्यायचा.

हे तीन तुकडे कशाला, ते विदर्भातल्या कुठल्याही कापूस उत्पादकाशी पाच मिनिटं बोललं की कळतं. ‘काका, यंदा कापूस किती झाला?’ ‘एकरी दहा क्विंटल.’ हे दहा क्विंटल सरकीसकट. शंभर किलो कापसातून जिनिंगमध्ये रुईचा उतारा साधारण ३४ किलो धरला, तर दहा क्विंटलमधून ३४० किलो रुई निघाली. भारतीय गाठ १७० किलोची, म्हणजे दोन गाठी. आता अमेरिकेच्या तक्त्यात डोकवा. तिथे उत्पादन लिहितात ते रुईचं, पौंडांत, आणि त्यांची गाठ ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. दोन्ही तक्त्यांच्या रकान्यांवर ‘यील्ड’ हा एकच मथळा. ते आकडे कुणी एका फाइलीत चिकटवले तर आपलं वाण अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त पिकतं असा शोध लागेल, आणि तो शोध आनंदाने मांडणारे लोकही असतील.

रुईच्या उताऱ्याचंही तेच. जिनिंग आउटटर्न, जिनिंग पर्सेंटेज, लिंट पर्सेंटेज ही सगळी एकाच गुणधर्माची नावं: कापसाच्या वजनात रुईचा शेकडा वाटा. पण लिंट इंडेक्स ही वेगळी गोष्ट आहे. शंभर सरक्यांवरून निघालेल्या रुईचं वजन, ग्रॅममध्ये. नावं सख्ख्या भावांसारखी दिसतात, म्हणून घाईत लोक एकाच्या जागी दुसरं धरतात.

धाग्याच्या लांबीत तर अनुभवी माणूसही गडबडतो. भारतात वर्षानुवर्षं २.५ टक्के स्पॅन लेंग्थ मोजत आले: मापासाठी धरलेल्या धाग्यांपैकी फक्त अडीच टक्के धागे ज्याच्या पलीकडे जातात ते अंतर. दुसरी पद्धत अपर हाफ मीन लेंग्थची, म्हणजे वजनाने लांबड्या निम्म्या धाग्यांची सरासरी. दोन्ही मिलिमीटरमध्ये येतात आणि आकडे जवळजवळ असतात. त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. ताकदीत फरक ढळढळीत आहे. आयसीसी नावाच्या जुन्या मापनरीतीत जी रुई २२ ग्रॅम प्रति टेक्स दाखवते, तीच एचव्हीआय रीतीत २८ च्या घरात जाऊ शकते. रुई तीच, यंत्रही तेच असू शकतं. फक्त यंत्र कोणत्या प्रमाणाशी जुळवून घेतलं ते वेगळं.

प्रमाण शब्दसंग्रह शिकवताना बहुतेक ठिकाणी उतरंडीवर दोन तास घालवतात आणि पद्धत-मापावर दहा मिनिटं. मला हे उलट व्हायला हवं असं वाटतं. उतरंडीमुळे नोंदी सापडतात, पण सापडलेल्या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवता येतात की नाही हे पद्धत आणि माप सांगतात. आणि ही माहिती शोधणाऱ्याच्या हातात नसते. ज्याने शेतात उभं राहून वही भरली त्याने ती लिहिली असेल तरच मिळते.

गुरांचे आणि उंदरांचे डेटाबेसही याच वाटेने गेले आहेत. तिथे गुणधर्माचा, मापाचा आणि पद्धतीचा संग्रह वेगवेगळा असतो. माणसांसाठी ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी आहे, २००८ पासूनची. तिथे रोग्याची लक्षणं क्रमांकाने लिहितात आणि संगणक ती हजारो दुर्मिळ आजारांच्या यादीशी ताडून बघतो. त्यात एक बारकावा मोठा हुशारीचा आहे. सगळ्या लक्षणांना सारखं वजन देत नाहीत. ताप असंख्य आजारांत येतो, म्हणून तो जुळला तरी फारसं काही कळत नाही. मोजक्याच आजारांत दिसणारं लक्षण जुळलं तर त्याला भरपूर गुण मिळतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्या आजारासाठीही वेगळी ऑन्टॉलॉजी तयार झाली आहे.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा

समजा, कापसाच्या धाग्याच्या ताकदीवर कोणकोणती जनुकस्थानं सापडली आहेत ते तुम्हाला बघायचं आहे. सरळ कापसाच्या डेटाबेसात घुसू नका. आधी संज्ञा शोधा. त्यासाठी युरोपच्या जैवमाहिती संस्थेची ऑन्टॉलॉजी लुकअप सर्व्हिस आहे. फुकट, खातं उघडायची गरज नाही. तिथे इंग्रजीत शब्द टाकला की वेगवेगळ्या संग्रहांतल्या संज्ञा येतात. कोणत्या संग्रहातली घ्यायची हे ठरवताना व्याख्या वाचा, मग उतरंडीत ती कुठे बसली आहे ते पाहा. नाव जुळलं पण ती प्राण्यांच्या स्नायूंच्या शाखेत बसलेली असेल, तर ती आपली नव्हे. क्रमांक आणि पर्यायी नावं टिपून ठेवा.

मग पिकाच्या डेटाबेसात जा. कापसासाठी कॉटनजेन आहे, संत्रा-मोसंबीसाठी सिट्रस जीनोम डेटाबेस. दोन्ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सांभाळले जातात. तिथे मोकळ्या चौकटीत शब्द लिहिण्याऐवजी गुणधर्मांच्या ठरलेल्या यादीतून निवड करता येते. तेच करा. प्रत्येक डेटाबेस सार्वत्रिक क्रमांकच वापरेल असं नाही. काहींची स्वतःची यादी असते. तेव्हा टिपलेल्या पर्यायी नावांवरून जुळणी करावी लागते, आणि व्याख्या पुन्हा एकदा ताडून बघावी लागते. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

जातही क्रमांकानेच सांगावी. एनसीबीआय या अमेरिकेतल्या जैवमाहिती केंद्राच्या वर्गीकरणात अमेरिकन कापसाचा, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटमचा, क्रमांक ३६३५ आहे, आणि आपल्या गावरानी कापसाचा, गॉसिपियम आर्बोरियमचा, २९७२९. नुसतं ‘कॉटन’ म्हटलं की दोन्ही एकत्र येतात, आणि त्यांच्या गुणसूत्रांची संख्यासुद्धा सारखी नाही: पहिल्यात ५२, दुसऱ्यात २६.

निकाल आले की आकड्यांवर झडप घालण्याआधी पुरावा बघायचा. जीन ऑन्टॉलॉजीत प्रत्येक नोंदीला पुराव्याची खूण असते. आय-डी-ए असेल तर प्रत्यक्ष प्रयोगात पाहिलं आहे. आय-एम-पी असेल तर जनुक बिघडवून परिणाम पाहिला आहे. आय-ई-ए असेल तर संगणकाने साम्यावरून परस्पर नोंद केली आहे, माणसाने ती एकेक करून तपासलेली नाही. अशा नोंदी ढिगाने असतात. त्या टाकाऊ नसतात, पण प्रयोगाच्या पंक्तीला बसवायच्याही नसतात. काही नोंदींवर ‘नाही’ अशी खूण असते, म्हणजे या जनुकाचा या कामाशी संबंध नाही असं प्रयोगात दिसलं. घाईघाईत यादी उतरवताना ती खूण गळते आणि अर्थ बरोबर उलटा होतो.

आणि काहीच सापडलं नाही तर? तर एवढंच कळलं की कुणी नोंद केलेली नाही. त्या जनुकाचा गुणधर्माशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या पिकांवर पैसा ओतला जातो त्यांच्या नोंदी दाट आहेत, बाकीच्यांच्या विरळ. भाताच्या तुलनेत जवसाचं पान रिकामं दिसलं तर त्यात जवसाचा दोष नाही.

शोध घेतला ती तारीख आणि संग्रहाची आवृत्ती वहीत लिहून ठेवा. संज्ञा दुरुस्त होतात, काही बाद होतात, आणि सहा महिन्यांनी तोच शोध वेगळा आकडा देतो. मार्गदर्शक विचारणारच, ‘अरे, मागच्या वेळी ४० होते ना?’

संज्ञाच मिळाली नाही तर

आपल्याकडच्या कामात हे हमखास होतं. संत्र्याचं बघा. आंबिया बहाराचं फळ आणि मृग बहाराचं फळ यांची गोडी, आम्लता, सालीची जाडी वेगळी येते. मुलं गुणधर्मांच्या संग्रहात ‘बहार’ शोधतात आणि मिळाला नाही म्हणून नाराज होतात. पण बहार हा झाडाचा गुणधर्मच नव्हे. पाणी तोडून, ताण देऊन, ठरलेल्या हंगामात फुलं आणलेली असतात. म्हणजे ती प्रयोगाची परिस्थिती झाली. परिस्थितीसाठी वेगळा संग्रह आहे, प्लँट एक्स्पेरिमेंटल कंडिशन्स ऑन्टॉलॉजी. तिथे पाण्याचा ताण, तापमान, खतं यांच्या संज्ञा मिळतात. रसातल्या विद्राव्य घटकांचं प्रमाण हा गुणधर्म, ब्रिक्समापी ही पद्धत, अंश ब्रिक्स हे माप, आणि पाण्याचा ताण देऊन आणलेला बहार ही परिस्थिती. अशा चार रकान्यांत नोंद पडली, की स्पेनमधल्या माणसालाही ती वाचता येते. जुन्या प्रबंधांत बहाराचं नाव बहुधा मुखपृष्ठावर असतं आणि आतल्या तक्त्यात नसतं. तक्ता वेगळा काढून डेटाबेसात गेला की ते हरवतं.

कधी मात्र खरंच संज्ञा नसते. मग ती मागता येते, आणि त्यासाठी कुठल्या मोठ्या पदाची गरज नाही. यांतले बहुतेक संग्रह गिटहब या फाइली सांभाळायच्या संकेतस्थळावर उघडे ठेवलेले असतात आणि तिथे मागणी नोंदवायची सोय असते. नाव सुचवायचं, दोन ओळींची व्याख्या द्यायची, ती कोणत्या संज्ञेखाली बसेल ते सांगायचं, पर्यायी नावं जोडायची आणि जिथे हा गुणधर्म मोजला गेला आहे अशा एखाद्या प्रसिद्ध निबंधाचा दाखला द्यायचा. संपादक प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा व्याख्येवर: हे साल सुटणं म्हणजे सोलायला लागणारा जोर, की साल आणि फोडी यांच्यातली पोकळी? दोन्ही असतील तर दोन संज्ञा करायला सांगतात. ते मिटलं की पुढच्या आवृत्तीत संज्ञेला तिचा सात आकडी क्रमांक मिळतो.